विश्लेषण : खेळाडू संघ बदलतो, तेव्हा चाहता का चिडतो?

ओझरच्या एचएएल वसाहतीत ‘बदली’ हा शब्द नवा नाही. १९६४ मध्ये इथे विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून कुणी बंगळूरूहून आले, कुणी कोरापूटला गेले, कुणी लखनौला. मुलांच्या शाळा बदलल्या, शेजार बदलला, भाजीवाल्याची उधारी चुकती करून ट्रक भरले गेले. निरोपाच्या दिवशी हार आणि पेढे. जाणाऱ्याला कुणी गद्दार म्हटले नाही. उलट ‘बढतीवर चाललाय’ असे कौतुकच झाले.

त्याच वसाहतीतल्या, किंवा निफाड तालुक्यातल्या कुठल्याही घरातल्या मोबाइलवर एखाद्या क्रिकेटपटूने संघ बदलल्याची बातमी येते, तेव्हा मात्र भाषा पार वेगळी असते. ‘पैशासाठी गेला’, ‘ज्यांनी घडवले त्यांनाच विसरला’, ‘बरे झाले, गेला ते’. नोकरी बदलणाऱ्या माणसाला जी समजूत सहज दाखवली जाते, ती मैदानावरच्या माणसाला का मिळत नाही? पृथ्वी शॉने २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राची वाट धरली आणि यशस्वी जैस्वालने गोव्याला जायचे ठरवून पुन्हा माघार घेतली, तेव्हा हा प्रश्न नव्याने पुढे आला. नाशिक जिल्ह्यासाठी तो थोडा अवघडच आहे. कारण शॉ ज्या संघात आला, तो संघ नाशिकचा. आणि ज्या संघातून आला, त्याच्यावर प्रेम करणारेही नाशिकमध्ये कमी नाहीत.

नेमके काय घडले?

पृथ्वी शॉ विरारचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने ५४६ धावा केल्या, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. विरारहून लोकल पकडून सरावाला येणारा मुलगा ही गोष्ट मुंबईने आपली मानली. जानेवारी २०१७ मध्ये राजकोटला तामिळनाडूविरुद्ध रणजी पदार्पणातच शतक. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक विजेत्या संघाचे नेतृत्व, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटलाच वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पणात १३४. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध मुंबईसाठी ३७९. रणजीच्या इतिहासातली ही दुसऱ्या क्रमांकाची सर्वोच्च खेळी.

पुढे घसरण सुरू झाली. तंदुरुस्ती आणि शिस्त यांवरून टीका होत राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून तो बाहेर झाला आणि नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या मोठ्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही कुणी घेतले नाही. जून २०२५ मध्ये त्याने मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितले, ते मिळाले आणि जुलैत तो महाराष्ट्राचा झाला. (दोन्ही संघटनांचे इंग्रजी लघुरूप ‘एमसीए’च. त्यामुळे तो एमसीए सोडून एमसीएत गेला, असे म्हटले तरी चुकत नाही.)

त्यानंतरच्या काही महिन्यांत चाहत्यांचा पारा वर-खाली होत राहिला तो पाहण्यासारखा आहे. ऑगस्टमध्ये चेन्नईच्या बुची बाबू स्पर्धेत त्याने नव्या संघाकडून शतक केले, तेव्हा महाराष्ट्राच्या बाजूने ‘आता बघा’ असा सूर होता. ऑक्टोबरमध्ये गहुंजेला सराव सामना झाला, समोर मुंबईच. शॉने १८१ धावा केल्या; बाद झाल्यावर जुन्या सहकाऱ्यांशी शाब्दिक चकमक झाली आणि पंचांना मध्ये पडावे लागले. सराव सामन्याची चित्रफीत एरवी कोण पाहतो? ही मात्र रात्रीत सगळीकडे फिरली. १८१ धावांबद्दल कमी आणि त्या काही सेकंदांबद्दल जास्त लिहिले गेले. पुढच्याच आठवड्यात केरळविरुद्ध रणजीच्या पहिल्या डावात तो शून्यावर गेला, तेव्हा मुंबईच्या बाजूने हसे झाले. दुसऱ्या डावात ७५ केल्या. त्यानंतर चंडीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२. पहिल्या डावात शतक करणाऱ्या ऋतुराज गायकवाडला सामनावीराचा पुरस्कार मिळाला, तो त्याने शॉसोबत वाटून घेतला. तीन आठवड्यांत एकाच माणसाविषयीची मते इतकी पालटली. सगळी ठाम होती.

जैस्वालची गोष्ट उलटी. एप्रिल २०२५ मध्ये त्याने गोव्याकडे जाण्यासाठी मुंबईकडे प्रमाणपत्र मागितले. गोवा नुकताच प्लेट गट जिंकून वरच्या गटात आला होता आणि तिथे कर्णधारपद मिळण्याची शक्यता होती. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहिलेला हा मुलगा. त्यामुळे ‘मुंबईने छप्पर दिले’ हा मुद्दा प्रत्येक वादात पुढे आला. तंबूला छप्पर म्हणायचे का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मे महिन्यात त्याने विनंती मागे घेतली, जूनअखेरीस मुंबईने ती मान्य केली आणि जे चिडले होते तेच ‘घरचा मुलगा घरी आला’ म्हणू लागले.

आता याशेजारी अर्जुन तेंडुलकर ठेवा. तोही २०२२ मध्ये मुंबई सोडून गोव्याला गेला आणि डिसेंबरमध्ये राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने शतक केले. मुंबईत त्याच्या जाण्यावर संताप असा झालाच नाही. थोडी थट्टा, थोडे वडिलांचे नाव, संपले. यावरून एवढे दिसते की चाहत्याचा राग तत्त्वाचा नसतो. जो गेल्याने आपल्या संघात खड्डा पडतो, त्याचाच राग येतो.

नाशिकचा संघ कोणता?

महाराष्ट्र हे एक राज्य असले, तरी रणजीत त्याचे तीन संघ आहेत. मुंबई, विदर्भ आणि उरलेल्या भागाचा महाराष्ट्र. कसारा घाट उतरला की मुंबईच्या क्रिकेटचा पट्टा सुरू होतो, घाट चढून आले की महाराष्ट्राचा. म्हणजे शॉ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलाच नाही. तो घाट चढून वर आला, एवढेच.

पण घाटाला अर्थ आहे. मुंबईकडे ४२ रणजी विजेतेपदे आहेत, शेवटचे मार्च २०२४ मधले. महाराष्ट्राकडे दोन आहेत, दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये मिळवलेली. त्यानंतर करंडक आलेला नाही. ओझरच्या ज्या आजोबांनी ती विजेतेपदे पाहिली असतील, ते आज शंभरीला टेकले असतील. त्यामुळे नाशिककराची निष्ठा नेहमीच थोडी दुभंगलेली राहिली. मुलगा जिल्हा संघात निवडला गेला की डोळे पुण्याकडे लागतात, पण गप्पा गावसकर, तेंडुलकर आणि रोहित शर्माच्या. आयपीएल आले की निळी जर्सी. रामकृष्ण घोष या नाशिकच्या खेळाडूला २०२४ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने घेतले, तेव्हा निळ्या जर्सीवाल्या घरांतही पिवळ्या रंगाविषयी माया उत्पन्न झाली. तिथे ऋतुराज आहे, आता आपला रामही आहे. निष्ठा बदलली का? तिला जागा वाढवून मिळाली, असे म्हणता येईल.

शॉच्या बाबतीतही नाशिककडून राग असा आला नाही. आली ती उत्सुकता, आणि शंकाही. गोल्फ क्लबवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर अधूनमधून महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. ओझरहून महामार्गाने वीसेक किलोमीटर. कसोटी खेळलेला सलामीवीर आपल्या संघाकडून, आपल्या मैदानावर पाहायला मिळू शकतो, याचे अप्रूप कुणालाही वाटेल. एकाच घरात मुंबईचा चाहता असलेले वडील ‘टिकायचा नाही’ म्हणतात आणि जिल्हा शिबिराला जाणारा मुलगा त्याच्या बॅकफूट पंचची नक्कल करतो, हे चित्र अवघड नाही.

वानखेडेवर जे झाले

राज्य संघ बदलण्यावरची चिडचिड फोनपुरती राहते. रणजीला स्टेडियम भरत नाही, त्यामुळे ओरडायला माणसे नसतात. आयपीएलचे तसे नाही. हार्दिक पंड्याने ते सोसले.

२०१५ पासून मुंबई इंडियन्सकडून खेळलेल्या हार्दिकला २०२२ च्या मोसमाआधी मुंबईने कायम ठेवले नाही. ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे आणि ती विसरली जाते. तो गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी विजेतेपद, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही संघमालकांनी व्यवहार केला आणि हार्दिक मुंबईत परतला. १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार जाहीर केले गेले. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या कर्णधाराला बाजूला केल्याचा घाव मोठा होता. समाजमाध्यमांवर मुंबई इंडियन्सचे अनुयायी झपाट्याने घटले, जर्सी आणि टोप्या जाळल्याच्या चित्रफिती आल्या.

मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला गुजरातचे चाहते त्याला हुर्यो देत होते, कारण तो सोडून गेला. १ एप्रिलला वानखेडेवर मुंबईचे चाहते हुर्यो देत होते, कारण तो परत आला. दोन शहरे, दोन विरुद्ध कारणे, आवाज तोच. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. सामना सुरू असताना सीमारेषेवर उभ्या रोहित शर्माने हात खाली करून थांबण्याची खूण केली. ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते, तोच नको म्हणत होता. मुंबई त्या मोसमात शेवटच्या क्रमांकावर राहिली.

ज्या संघव्यवस्थापनाने २०२२ च्या आधी त्याला सोडले, ज्याने रोहितला हटवले, त्या व्यवस्थापनाला हुर्यो कशी द्यायची? ते मैदानात नसते. ते काचेमागे, खासगी कक्षात बसलेले असते. मैदानात चेंडू घेऊन धावतो तो एकटा माणूस. म्हणून सगळे त्याच्यावर.

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला मरिन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली आणि वानखेडेवर त्याच्याच नावाचा घोष झाला. मधे किती दिवस गेले होते? चौऱ्याण्णव. त्या चौऱ्याण्णव दिवसांत त्याच्या घरच्यांविषयी फोनवर काय काय लिहिले गेले, ते मात्र कुणी परत घेतले नाही. परत घेण्याची सोयही नसते. सांघिक रागाचा हा भाग फारसा बोलला जात नाही. हुर्यो स्टेडियममध्ये विरते, कमेंट मात्र खेळाडूच्या बायकोच्या, आईच्या, भावाच्या खात्याखाली तशीच राहते. सामना हरल्याचे दुःख मांडण्याला हद्द असली पाहिजे आणि ती हद्द खेळाडूच्या घराच्या उंबरठ्याबाहेर आहे.

अमेरिकेतही हेच का?

तिथे तर अधिकच. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलला (आपला नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो) जेवढे प्रेक्षक येतात, तेवढे आपल्याकडे अनेक आंतरराष्ट्रीय सामन्यांना येत नाहीत. एकेका विद्यापीठाच्या मैदानात लाखभर माणसे मावतात. या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. बहुतेक प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हाती येतो; तो कुणाकडे फेकायचा, की स्वतः पळायचे, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. कर्णधार, सलामीवीर आणि फिनिशर एकाच माणसात असल्यासारखे.

पूर्वी विद्यापीठ बदलले की या खेळाडूला साधारण एक वर्ष बाहेर बसावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये बदलीची इच्छा नोंदवण्यासाठी ऑनलाइन यादी सुरू झाली, २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी बसण्याची अट गेली, २०२४ मध्ये ती जवळपास पूर्णच उठली. जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. म्हणजे दार उघडले आणि दारात पैसेही ठेवले. दरवर्षी हजारो खेळाडू जागा बदलू लागले.

एप्रिल २०२५ मध्ये टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक निको इआमालियावा मोबदल्याच्या वाटाघाटी सुरू असताना सरावाला आला नाही आणि विद्यापीठाने त्याच्याशिवाय पुढे जायचे ठरवले. आदल्याच मोसमात त्याने संघाला बाद फेरीत नेले होते. टेनेसीच्या चाहत्यांचा संताप तिथल्या वर्तमानपत्रांनी कित्येक दिवस छापला. तो आपल्या घराजवळ, कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएकडे गेला. त्यामुळे यूसीएलएत काही महिन्यांपूर्वीच दाखल झालेल्या जोई अगिलारची जागा धोक्यात आली, आणि तो कुठे गेला? टेनेसीला. दोन विद्यापीठांनी जणू पाहुण्यांची अदलाबदल केली. नव्या मोसमात यूसीएलए पहिले चारही सामने हरला, तेव्हा टेनेसीत झालेल्या आनंदाची कल्पना इथे बसूनही करता येते.

इथे एक फरक मात्र लक्षात घ्यावा. तिथला चाहता बहुधा त्याच विद्यापीठात शिकलेला असतो, किंवा त्याचा बाप शिकलेला असतो. त्याला वाटते, हा मुलगा माझ्याच वर्गाच्या बाकावर बसतो. म्हणून तो गेला की घरातले कुणी गेल्यासारखे होते. आयपीएलच्या संघांना जेमतेम १८ वर्षे झालीत, तरी इथेही तसेच होते. नाते जुने असावे लागत नाही.

पूर्वी हे होत नव्हते?

‘पूर्वीचे खेळाडू निष्ठावान होते’ हे वाक्य अशा वेळी हमखास येते. इतिहास पाहिला तर ते टिकत नाही.

ज्यांच्या नावाने आज देशांतर्गत एकदिवसीय करंडक खेळला जातो, ते विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या मोसमात त्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या. समोर होता बडोदा. आणि थोड्याच काळात ते बडोद्याकडून खेळू लागले! ज्यांच्याविरुद्ध त्रिशतक केले, त्यांच्याचकडे. १९४७ मध्ये बडोद्यासाठीच गुल महंमद यांच्यासोबत त्यांनी होळकर संघाविरुद्ध अंतिम सामन्यात ५७७ धावांची भागीदारी रचली. त्या काळी संस्थानिकांचा आश्रय हाच खेळाडूचा पगार होता. नागपूरचे सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांकडे गेले ते असेच.

रणजीतली सर्वोच्च खेळी, नाबाद ४४३, महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध केली. प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला म्हणून ब्रॅडमनच्या ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांनी हुकला. हे निंबाळकर महाराष्ट्राशिवाय बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडूनही खेळले. पुण्याचे चंदू बोर्डे महाराष्ट्राकडूनही खेळले आणि बडोद्याकडूनही. त्यांना कुणी पक्षबदलू म्हटल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडचे उदाहरण वसीम जाफरचे. मुंबईत घडलेला हा फलंदाज २०१५ मध्ये विदर्भाकडे गेला. निवृत्तीच्या वाटेवरचा माणूस म्हणून मुंबईत कुणी फार लक्ष दिले नाही. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, तेव्हा विजयी फटका त्याच्याच बॅटमधून निघाला. पुढच्या मोसमात त्याने हजारावर धावा केल्या आणि विदर्भ पुन्हा विजेता ठरला. नागपूरकरांसाठी तो आता बाहेरचा राहिलेला नाही.

आणि कुस्ती? तिथे तर या गोष्टीचा बाऊही कुणी करत नाही. जानेवारी २०२० मध्ये नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा मिळवून देणारा हर्षवर्धन सदगीर मूळचा अकोले तालुक्यातला. भगूरच्या तालमीत घडला, पुण्यात काका पवारांकडे तयार झाला, लढला नाशिककडून. अंतिम लढतीत हरवलेला लातूरचा शैलेश शेळके त्याच तालमीतला जोडीदार. जिंकल्यावर सदगीरने त्याला खांद्यावर उचलून घेतले. २०२३ मध्ये फुलगावच्या अंतिम फेरीत मोहोळचा सिकंदर शेख वाशीमकडून आणि राजगुरुनगरचा शिवराज राक्षे नांदेडकडून उतरला. मोहोळमध्ये जल्लोष कमी झाला का? पैलवान कुठल्या जिल्ह्याच्या पाटीखाली उभा आहे, यापेक्षा तो कुणाचा पठ्ठा आहे, हे कुस्तीशौकिनाला जास्त महत्त्वाचे वाटते. वस्तादाचे नाव बदलत नाही, म्हणून जिल्ह्याचे बदललेले चालते.

मग राग कुणावर काढायचा?

रणजीत संघ बदलणे हा पैशांचा खेळ आहे, असा सर्वसाधारण समज आहे. रणजीचे सामना मानधन मंडळ ठरवते. अंतिम अकरात असलेल्या खेळाडूला अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात, मग तो मुंबईकडून खेळो की गोव्याकडून. बाहेरून आलेल्या खेळाडूशी काही संघटना वेगळा करार करतात हे खरे, पण बहुतेकांसाठी खरा प्रश्न जागेचा असतो. मुंबईत सलामीच्या दोन जागांसाठी पाच-सहा जण रांगेत असतात. राखीव बसलेल्याला निम्मे मानधन मिळते आणि धावा तर होतच नाहीत. धावा नाहीत तर आयपीएल नाही. शॉला हे नव्या संघातल्या एका मोसमाने दिले; डिसेंबर २०२५ च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने त्याला ७५ लाखांना घेतले. पंचविशीच्या खेळाडूकडे वाट पाहायला वर्षे किती असतात? ओझरच्या कारखान्यातला माणूस साठीपर्यंत नोकरी करतो. फलंदाजाची बहुधा पस्तिशीत संपते.

म्हणून खेळाडूने जाणे यात गैर काही नाही. पण याचा अर्थ चाहत्याला विचारण्यासारखे काहीच नाही, असाही नव्हे. प्रश्न आहे, फक्त त्याचा पत्ता चुकतो.

२०२५ च्या मोसमात महाराष्ट्राने शॉसोबत अनुभवी फिरकीपटू जलज सक्सेनालाही केरळहून आणले. केरळविरुद्ध पाच बाद १८ अशी अवस्था असताना ऋतुराजसोबत उभा राहिला तो हाच जलज. त्यांचा उपयोग झाला, यात वाद नाही. पण संघात जागा अकराच. दोन बाहेरून आले की दोन आतले बाहेर बसतात. ते कोण? पुण्याचे, सोलापूरचे, जळगावचे की नाशिकचे? सत्यजित बच्छावसारखा नाशिकचा डावखुरा फिरकीपटू वर्षानुवर्षे या संघासाठी राबला आहे. निफाड, सिन्नर, मालेगावच्या मुलांना जिल्हा निवड चाचणीपासून रणजीपर्यंतची शिडी आधीच लांब आहे; तिच्या शेवटच्या पायरीवर बाहेरचा खेळाडू उभा केला, तर तो किती मोसमांसाठी, कुणाच्या जागी आणि कोणत्या हिशेबाने, हे संघटनेने सांगायला हवे. बाहेरच्या खेळाडूकडून तरुण शिकतात, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो खोटा नाही. विदर्भात जाफरबरोबर राहून पोरे शिकली. पण विदर्भाने त्याच काळात स्वतःची अकादमीही चालवली होती. नुसता पाहुणा आणून कुणाचे घर उभे राहत नाही.

हीच बाब मुंबईची. जैस्वालसारखा भारताचा सलामीवीर आपले राज्य सोडायला का निघाला होता, हा प्रश्न त्याच्या कृतज्ञतेचा की संघटनेच्या कारभाराचा? चाहत्यांनी पहिला प्रश्न हजारदा विचारला. दुसरा क्वचितच. प्रमाणपत्र मागितल्याची बातमी येते, मागे घेतल्याची येते. मधे काय बिनसले आणि कसे मिटले, ते दाराआडच राहते. हार्दिकच्या वेळीही हेच झाले. रोहितला का हटवले, याचे उत्तर मालकांकडे मागायचे होते आणि हुर्यो मिळाली ती व्यवहारात विकत घेतल्या गेलेल्या माणसाला.

नाशिकच्या चाहत्याला यात एक सोय आहे, जी वानखेडेवाल्यांना नाही. गोल्फ क्लबवर रणजी सामना असला की सीमारेषा हाकेच्या अंतरावर असते. ऊन चढले की झाडाखाली सरकायचे, डबा उघडायचा आणि खेळाडूंचे एकमेकांशी बोलणेही ऐकू येते. तिथे कुणी हुर्यो दिली, तर ती देणाऱ्याचा चेहरा खेळाडूला दिसतो.

धावफलकाच्या नोंदी बदलत नाहीत. ३७९ मुंबईच्या खात्यावर आहेत आणि राहतील. २२२ महाराष्ट्राच्या. शॉच्या नावापुढे दोन्ही आहेत, आणि पुढच्या मोसमाच्या निवड चाचणीला निफाड तालुक्यातून किती मुले जातात, त्यातली किती पुण्यापर्यंत पोहोचतात, हे अजून कुठल्याच फलकावर लागलेले नाही.